घरचा मार

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा कॅम्प-१ या कामगार वस्तीच्या मैदानाशेजारी मी रोज सकाळी प्लांटच्या बसची वाट पाहायचो. मैदानात, प्लांटमध्ये उंचावर लोखंड चढवणारा एक रिगर आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीबरोबर लाठी शिकायचा. खरं तर शिकायची ती. तो मार खायचा. फटका बोटांवर बसला की हात झटकायचा, मिशी पुसायचा आणि पुन्हा पवित्रा घ्यायचा.

एकदा मी विचारलं, "या वयात हा शौक कसा लागला?"

"शौक पोरीचा हाय. वस्ताद म्हने, एकट्या पोरीले शिकवत नाही, संग बाप पाहिजे. मंग आलो."

बसच्या रांगेतून त्याचे सोबती ओरडायचे, "अबे, पोरीच्या हातचा मार खाऊन राहिला!"

तो न हसता सांगायचा, "घरचाच हाय."

काही वर्षं हे चाललं. मुलगी उंच झाली. तिचा हात असा चालायला लागला की वस्तादही दोन पावलं लांब उभा राहायचा. बापाच्या पवित्र्यात मात्र काहीच सुधारणा दिसली नाही.

मग एका सकाळी तो एकटाच आला. समोर कोणी नव्हतं, तरी वार अडवत होता. मी जवळ गेलो.

"मुलगी कुठं आहे?"

"नागपूरले गेली, नर्सिंग शिकाले."

"मग आता कशाला येता?"

लाठी खाली न ठेवता तो म्हणाला, "दिवाळीले येईन ती. सराव सुटला, तर तिले वाटन बाप म्हातारा झाला."