खोलीतलं बोलणं बाहेर कसं गेलं?

पोलिसाच्या नोकरीत खून, दरोडे बरेच पाहिले, पण निवृत्तीनंतर मला सगळ्यात जास्त आठवतं ते बडोद्यातल्या एका भावाबहिणीचं प्रकरण.

रावपुऱ्यात राहणारा एक मराठी तरुण ठाण्यात आला. म्हणाला, "साहेब, अर्ज ताईचा नाही, माझा आहे. ती माझ्याशी बोलत नाही. तिला वाटतं, भावोजींना खबर मीच देतो."

त्याची बहीण शिक्षिका होती. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती सात वर्षांच्या मुलीला घेऊन मांडवीजवळ भाड्याच्या खोलीत राहत होती. घटस्फोटाचा दावा चालू होता. तिने जवळच्या करजण गावातल्या एका शाळेत मुलाखत ठरवली. हे फक्त भावाला माहीत होतं, तरी नवरा शाळेच्या फाटकात हजर! वकील बदलायचं ठरवलं, तर तेही त्याला आधीच ठाऊक. मग तिने भावाला घराचं दार बंद केलं.

मी बाईंना बोलावून त्यांचा जबाब घेतला. मोबाइल तपासून घेतला, त्यात काही सापडलं नाही. खरं सांगायचं तर मलाही भावाचाच संशय येऊ लागला होता. घरभेदी बहुधा घरातलाच निघतो, हा आमचा अनुभव.

मग नवऱ्याला चौकशीला बोलावलं. माणूस शिकलेला, नीटनेटका. "करजणला माझं काम होतं," एवढंच धरून बसला. मी वाद घातला नाही, त्याला बोलू दिलं. स्वतःला अन्याय झालेला समजणारा माणूस फार वेळ गप्प बसत नाही. थोड्या वेळाने तो उसळलाच.

"पोरीला सांगते, आता पप्पांना घाबरायचं नाही! मी काय राक्षस आहे?"

त्या दिवशी भावाबहिणीलाही बोलावलं होतं; बाई मुलीला घेऊन बाहेर बसल्या होत्या, भाऊ दूर दुसऱ्या बाकावर. मी बाहेर येऊन बाईंना विचारलं, "हे तुम्ही कधी बोललात?"

त्या गोंधळल्या. "काल सकाळी, तिची वेणी घालताना. खोलीत आम्ही दोघीच होतो."

म्हणजे भाऊ सुटला. आमच्या महिला जमादारांनी मुलीला जवळ घेतलं आणि तिच्या मनगटावरचं गुलाबी घड्याळ पाहून, ते कुणी दिलं, असं गुजरातीत विचारलं, "बेटा, आ कोणे आप्युं?"

"पप्पाए. बर्थडेला."

घड्याळात सिमकार्ड होतं. सायबर शाखेने तपासून सांगितलं, की बापाने आपल्या मोबाइलवरून कळ दाबली की घड्याळ आवाज न करता चालू होई. खोलीतलं सगळं त्याला ऐकू जाई आणि दोघी कुठे आहेत तेही दिसे. पंचांसमोर घड्याळ जप्त केलं.

"बाप आहे मी! मुलीची काळजी घेणं गुन्हा आहे?"

"काळजी असेल तर फोन करून विचारा, जेवलीस का. तुम्ही बायकोच्या घरात चोरून कान लावलात." बाईंची फिर्याद घेऊन पाठलागाचा गुन्हा दाखल केला.

एखाद्याचा फोन ऐकायचा तर आम्हा पोलिसांनाही वरून लेखी परवानगी लागते. उमेदीच्या काळात मला ती कटकट वाटे. त्या दिवसानंतर वाटली नाही. चोरून ऐकणाऱ्याने त्या बाईंचं नुसतं बोलणं नेलं नव्हतं, सख्ख्या भावावरचा विश्वासही नेला होता.

तो मात्र परत मिळाला. बाई बाकावर भावाशेजारी जाऊन बसल्या. मग त्या म्हणाल्या, "संध्याकाळी जेवायला ये." तो "हो" म्हणाला आणि रुमाल शोधू लागला. मी कामाचं निमित्त करून आत गेलो. त्या दोघांचं पुढचं बोलणं ऐकायचा मलाही अधिकार नव्हता.