कपबशीची मतं

अमेरिकेच्या अध्यक्षपदाला दोन मोठ्या पक्षांखेरीज इतरही लोक उभे राहतात, ही गोष्ट मी पूर्ण्याच्या कॉलेजात नोकरी संपेपर्यंत शिकवली आणि ती एकाही विद्यार्थ्यानं मनावर घेतली नाही. पुस्तकात त्या लोकांना धड्याच्या शेवटी दीड परिच्छेद दिला होता. मी तिथवर आले की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" येत नव्हतं. मी तसं सांगायची आणि वह्या मिटायच्या.

तो दीड परिच्छेद ज्यानं खरोखर ऐकला, तो माझ्या वर्गातला नव्हता. तो माझा थोरला भाऊ. पिंगळीच्या अलीकडे आमचं गाव आहे. दादा तिथं शेती करतो आणि विधानसभेला अपक्ष उभा राहतो. दोन्हींत यश सारखंच, असं वहिनी म्हणते.

दादा उभा राहतो तो एका बोगद्यासाठी. गावाजवळ रेल्वेचं फाटक होतं. ते बंद करून रुळांखालून रस्ता काढला. पावसाळ्यात तिथं कमरेइतकं पाणी साचतं आणि पार दिवाळीपर्यंत पोरं शाळेला, बाया शेताला लांबचा वळसा घालून जातात. दादानं जाईल तिथं निवेदनं दिली आणि सगळ्यांनी ती हसतमुखानं घेतली. शेवटी तो स्वतःच उभा राहिला. त्या पहिल्या खेपेला त्याला कपबशी हे चिन्ह मिळालं होतं. वहिनीनं ओट्यावर येईल त्या बाईला कपबशीतून चहा पाजला आणि बजावलं, "हीच खूण. ध्यानात ठेवा." बायकांत प्रचार करणं हे पूर्णपणे वहिनीचं खातं होतं. दादा पडला, डिपॉझिटही गेलं, पण गावानं मतं अगदीच कमी दिली नव्हती.

पडल्यावर तो माझ्याकडं पूर्ण्याला राहायला आला होता. मी नोट्स काढत बसले होते. तो म्हणाला, "बाई, तिकडं अमेरिकेत माझ्यासारख्याचं काय होतं?"

मी सांगितलं. तिकडं पन्नास राज्यांच्या पन्नास तऱ्हा. नुसतं मतपत्रिकेवर नाव यायचं तरी दर राज्यात वेगळ्या सह्या गोळा करत हिंडावं लागतं. आपल्याकडं दहा सूचक पुरतात.

"ते धा मिळवताना माझ्या नाकी नऊ आले," दादा म्हणाला.

मग मी त्याला सांगितलं की राज्यात ज्याला सगळ्यांत जास्त मतं, त्याच्याच पदरात बहुतेक ठिकाणी त्या राज्याचे सगळे निर्वाचक, म्हणजे अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, पडतात. म्हणून एका तिसऱ्या उमेदवाराला देशभरात जवळजवळ पाचवा हिस्सा मतं मिळाली, तरी निर्वाचक एकही मिळाला नाही. एक जण तुरुंगात असताना उभा राहिला आणि त्याला लाखांनी मतं पडली. एक तर माजी अध्यक्षच होता. जुना पक्ष सोडून तिसरा म्हणून उभा राहिला, दुसरा आला, आणि त्याच्या जुन्या पक्षाला तिसऱ्या नंबरावर जावं लागलं. दादा मांडी घालून ऐकत होता. तुरुंगवाल्याचं त्याला फार कौतुक वाटलं.

पण सगळ्यांत आवडली ती शेवटची गोष्ट. या शतकाच्या तोंडावर तिकडं निवडणूक अगदी एका राज्यावर येऊन अडली होती. त्या राज्यातल्या एका जिल्ह्यात मतपत्रिका अशी छापली होती की नावं दोन्ही बाजूंना आणि मत द्यायला पाडायची भोकं मधोमध. पुष्कळ म्हाताऱ्या मतदारांचा गोंधळ झाला आणि मोठ्या पक्षाला द्यायचं मत भलत्याच तिसऱ्या उमेदवाराला गेलं. त्या माणसाला जिथं कुत्रं विचारत नव्हतं तिथं मतांचा ढीग निघाला. आणि त्यानं जाहीरपणे कबूल केलं की यातली बरीचशी मतं माझी नसावीत.

"आसं म्हनला?" दादानं विचारलं. "मानूस इमानदार हाय."

तेव्हापासून दादा त्या लोकांना "आपले लोक" म्हणू लागला. दर चार वर्षांनी तिकडची निवडणूक आली की तो फोन करायचा, "बाई, आपल्या लोकांचं कसं काय?" मोठ्या दोघांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

दोन हजार चोवीस साली अमेरिकेची निवडणूक आणि आपली विधानसभा एकाच महिन्यात आल्या. माझी लेक तिकडं असते. तिचं नागरिकत्व झालं होतं आणि हे तिचं पहिलं मत होतं. ती राहते ते राज्य काठावरचं, इकडं किंवा तिकडं झुकणारं. तिला दोघेही नको होते, तिसऱ्याला द्यावं असं वाटत होतं. जावई तापले होते. तिसऱ्याला देणं म्हणजे नको त्याला निवडून आणणं, असं त्यांचं म्हणणं. मी पुस्तकी उत्तर दिलं, दोन्ही बाजू मांडल्या. लेक वैतागून म्हणाली, "आई, तू वर्गात नाहीस." दादा तेव्हा अर्ज भरायच्या गडबडीत माझ्याकडं आलेला. त्यानं फोन घेतला.

"मामा, तुम्हीच सांगा. माझं मत वाया जाईल का?"

"जिंकनाऱ्यालाच द्यायचं आसंल तर मोजायचं कशाला, बाळा? तुपलं मत हाय, तुला वाटंल त्याला दे. अन् दिल्यावर कुनाला सांगू नको. नवऱ्याला बी न्हाई. कुनी इचारायचं न्हाई अन् कुनी सांगायचं न्हाई, तवा ते मत."

तिनं तसंच केलं. कुणाला दिलं ते आजवर मला ठाऊक नाही. तिकडचे "आपले लोक" नेहमीप्रमाणे पडले आणि दादानं नेहमीप्रमाणे हळहळ व्यक्त केली.

इकडं दादाच्या घरात मात्र बेबनाव होता. वहिनीला तो पुन्हा उभा राहायला नको होता. "एकदा हौस फिटली ना? आता लोक हासायलेत," ती म्हणाली. दादानं ऐकलं नाही. त्यांची मुलगी वसमतला दिलेली. तिचे दिवस भरत आले होते. एरवी लेकीला बाळंतपणाला माहेरी आणायचं, पण वहिनीच पिशवी भरून वसमतला निघून गेली. जाताना म्हणाली, "तुमी बगा तुमचं. मी न्हाई ओट्यावर बसनार." पुढं फोन व्हायचे, पण त्यात नातवाशिवाय दुसरा विषय नसायचा.

दादानं चिन्हासाठी पहिली पसंती कपबशीलाच दिली होती. पण आणखी एका अपक्षानंही कपबशीच मागितली होती. चिठ्ठी टाकली, कपबशी त्याला गेली आणि दादाच्या वाट्याला बादली आली. दादाला उलट आनंद झाला. बोगद्यातलं पाणी उपसायला बादलीच लागते, असं भाषण त्यानं पारावर केलं, स्टँडवर केलं, पिंगळीच्या स्टेशनबाहेर केलं. अख्ख्या मतदारसंघाला त्यानं बादली सांगितली.

मतदानाच्या दिवशी वहिनी आली. वसमतहून एसटीनं परभणी, तिथून गावाकडं, आणि पिशवी हातात घेऊन थेट मतदान केंद्रावर. मत देऊन घरी आली, भाकरी टाकल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी परत वसमत. माझं मत पूर्ण्यात, दुसऱ्या मतदारसंघात, त्यामुळं हे सगळं मी नंतर ऐकलं.

मोजणीला दादा स्वतः हजर होता. अपक्ष सगळे एका कोपऱ्यात बसलेले. कपबशीवाला तिथंच भेटला. मतदारसंघाच्या दुसऱ्या टोकाच्या गावचा, पंक्चरचं दुकान असलेला माणूस. त्याच्या गावाला एसटी थांबत नाही, म्हणून तो उभा. दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले. मग आमच्या गावच्या यंत्राचा आकडा आला. दादाला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी मतं. ती कुणाकुणाची हे त्याला जागच्या जागी कळलं. एक त्याचं स्वतःचं, एक त्याच्या पोलिंग एजंटचं, एक शेजारच्या मास्तरांचं, असं. त्यात वहिनीचं बसत नव्हतं.

पडण्याचं त्याला काही नव्हतं. पण हे त्याच्या जिव्हारी लागलं. आठवड्यानं मी गावी गेले तेव्हा वहिनी परत आली होती, आणि दोघं एका घरात राहून एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलत होती. दादा जेवायला बसायचा आणि अर्धी भाकरी ठेवून उठायचा. मला बाहेर नेऊन म्हणाला, "बाई, गावानं न्हाई दिलं, बरं. घरच्या मानसानं बी न्हाई दिलं."

"मग विचार की तिला."

"इचारायचं न्हाई." आपलाच नियम त्याच्या नरड्याशी आला होता आणि तो मोडायची त्याची तयारी नव्हती. मला त्याचा राग आला आणि वाईटही वाटलं. माणूस हट्टी असला की त्याचं दुःखही हट्टी असतं.

मी विषय बदलावा म्हणून विचारलं, "त्या कपबशीवाल्याला किती पडली रे?"

"तेच तर," दादा म्हणाला. "एकूनात माझ्याइतकीच. पर आपल्या गावात त्याला ढीगभर. कधी आला न्हाई, कुनाची वळख न्हाई. पैशे वाटले म्हनावं तर त्याच्याकडं कुठले?"

मी उभी होते तिथंच थांबले. जिथं कुत्रं विचारत नाही तिथं मतांचा ढीग, हे वाक्य मी वर्गात इतक्या वेळा बोलले होते की ते ओळखायला मला वेळ लागायला नको होता. मी आत गेले. वहिनी परातीत पीठ मळत होती. मी तिला कुणाला मत दिलं ते विचारलं नाही. मी म्हटलं, "वहिनी, या वेळी दादाचं चिन्ह काय होतं हो?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी भावाचं नाव विसरले होते. "कपबशी की, ताई. म्या स्वता दाबलं. लाल दिवा लागला, कूं वाजलं."

"फोटो नाही बघितला?"

"फोटो कशाला बगू? तेच तोंड रोज बगायलेय."

दादा दारात उभा होता. "कपबशी मागच्या बारीला व्हती," तो हळूच म्हणाला. "आवंदा बादली."

"मला कुनी सांगितलं?" वहिनीचे हात पिठात तसेच राहिले. कुणीच सांगितलं नव्हतं. फोनवर नातू किती दूध पितो हे दादानं रोज विचारलं, चिन्ह सांगायचं राहून गेलं. वहिनी ओट्यावर नव्हती, म्हणून गल्लीतल्या बायकांनाही कुणी सांगितलं नाही. त्यांनी मागच्या खेपेची खूण ध्यानात ठेवली होती. वहिनीनंच बजावलं होतं तसं. "म्हंजी समद्यांची मतं त्या मानसाला गेली? मपलं बी?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "भांडून गेले तरी वसमतहून तुमच्यासाठीच आले व्हते मी."

दादा खाली बसला. मग एकदम उठून त्यानं खिशातून फोन काढला. "त्या मानसाला सांगतो. अमेरिकेतल्यानं कबूल केलं, ह्यो बी करील. येवडंच म्हनू दे, की ही मतं माझी न्हाईत." त्याला ते हवं होतं. निकाल बदलणार नाही हे त्याला कळत होतं, पण गावानं आणि बायकोनं आपल्याला मत दिलं होतं, हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यानं फोन स्पीकरवर लावला.

"राम राम. वळखलं का? बादलीवाला बोलायलो."

"आरं बापरे, तुमालाच फोन करनार व्हतो!" पलीकडचा आवाज इतका मोठा की वहिनीनं दचकून बघितलं. "भाऊ, तुमच्या गावात माझं हाय तरी कोन? म्या कधी तुमच्या शिवेत पाय न्हाई ठिवला, कागद न्हाई वाटला. अन् मपल्या गावात पडली न्हाईत येवडी मतं तुमच्या गावानं दिली! घरचे म्हनायले व्हते, खुळ्यावानी करतूस, बस कर. म्या म्हनलो, बगा, जिथं कुनी वळखत बी न्हाई, तिथल्या मानसांला माझं म्हननं पटायलंय. बायको पयल्यांदा गप बसली बगा. लय बरं वाटलं."

दादानं वहिनीकडं पाहिलं. वहिनी पिठाचे हात तसेच धरून त्याच्याकडं बघत होती.

"हॅलो? तुमी कशाला फोन केला व्हता?"

"काई न्हाई," दादा म्हणाला. "तेच सांगायचं व्हतं. आमच्या गावात तुमचं म्हननं पटलंय लोकांला."

फोन ठेवल्यावर त्यानं आमच्याकडं पाहिलं नाही. फक्त म्हणाला, "आपलाच मानूस हाय तो."

वहिनीनं डोळे मनगटानं पुसले आणि पुन्हा पीठ मळायला घेतलं. जरा वेळानं, मान वर न करता, ती म्हणाली, "फुडच्या बारीला चिन्ह आदी मला सांगायचं. मग मतदारसंघाला."