कॅनीचे रोमन आणि रॉस्किलचं गेट

मी रोमन सैनिकांना शरीरच दिलं नव्हतं. त्यामुळे ते हरेनात.

म्युझियमची फिओना आमच्या न्यू लिन उपनगरातल्या ऑफिसात स्क्रीनसमोर बसली होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कॅनीच्या लढाईत शत्रूपेक्षा कितीतरी मोठं रोमन सैन्य का हरलं, हे तिला प्रदर्शनात दाखवायचं होतं. माझं काम गर्दीचं सिम्युलेशन. स्टेडियममध्ये, मेळ्यात माणसं कशी सरकतील ते कॉम्प्युटरवर आधीच चालवून बघायचं. माणूस म्हणजे ठिपका. त्याला जायचंय तिकडे एक बारीक बाण. दाटी वाढली की ठिपका लाल.

रोमन निघाले. एकमेकांतून आरपार, शत्रूतूनही आरपार, आणि पलीकडे जाऊन शिस्तीत उभे राहिले.

"मिलिंद, ही भुतं आहेत का?" फिओनाने विचारलं.

माझी बॉस सुनीता मागून डोकावली. "अरे, कोलिजन बंद आहे तुझं!"

कोलिजन म्हणजे एका जागी दोन माणसं मावू न देणं. ते बंद केलं की मॉडेल भराभर पळतं आणि मी हुशार दिसतो. नंतर चालू करायचं विसरलो होतो.

चालू केलं. शत्रूची मधली फळी मागे हटत गेली, रोमन आत घुसत गेले. दोन्ही बाजू मिटल्या, मागून घोडदळ आलं. आणि मधले ठिपके थांबले. शत्रू त्यांच्यापर्यंत पोचलाही नव्हता. कडेचे जीव वाचवायला आत रेटत होते. मधल्यांना हात उचलायला जागा नाही. हजारो बाण पुढे रोखलेले, वेग शून्य. नुसते थरथरत होते. स्क्रीनला आवाज नव्हता, तरी खोलीत कुणीतरी श्वास कोंडून बसल्यासारखं वाटलं. तो मीच होतो.

"स्वीट अ‍ॅज," फिओना पुटपुटली, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. पण खुर्ची मागे घेतली.

"ही सेटिंग्ज कुठून उचललीस?" सुनीताने विचारलं.

"माउंट रॉस्किलच्या दिवाळी मेळ्यातून."

"या शनिवारच्या? ज्यांना आपण एकच गेट पुरेल म्हणून कळवलंय?"

माझी मुलगी तिथे नाचणार होती. मी मेळ्याची फाइल उघडली. कोलिजन बंद. चालू केलं. कार्यक्रम संपला, सगळे गेटकडे वळले, आणि तिथे तसाच लाल डाग पसरत गेला. तसेच थरथरणारे बाण. मुलांचे ठिपके मी लहान ठेवतो. ते सगळे मधोमध होते.

आयोजकांना लगेच फोन केला, चूक सांगितली. त्यांनी मैदानामागचं कुंपण काढून दुसरं गेट केलं. शनिवारी लोक जिलबी खात, गप्पा मारत बाहेर पडले. काहीही घडलं नाही. आमच्या धंद्यात यश एवढंच दिसतं. मॉडेल फार वेगात पळायला लागलं की मी आता आधी घाबरतो.

दुसऱ्या गेटातून बाहेर पडताना सुनीता म्हणाली, "रोमनांना संपवायला शत्रूचं अख्खं सैन्य लागलं. आपल्या लोकांना तू एकटा पुरला असतास."