काजळी न धरणारी ज्योत

मावशी एका जागी बसली आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतच नाही. जेवतानासुद्धा ती चार वेळा उठायची. मीठ आणायला, खिडकी लावायला, लावलेली खिडकी उघडायला, आणि चौथ्यांदा कशाला उठले तेच विसरून परत यायला. आजीने तिला लहानपणी भिंगरी म्हटलं आणि पन्नाशी उलटली तरी ते नाव सुटलं नाही. कवळ्या बनवायच्या ज्या लॅबमध्ये ती कामाला होती, तिथेही तिला सगळे भिंगरीताईच म्हणत.

आणि काम मात्र स्थिर हाताचं. मेणाच्या पट्टीत एकेक दात बसवायचा, स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवायची, मेण जरासं सैल करायचं आणि दात केसभर सरकवायचा. दिवसभर हात असे आवळून धरल्याचा वचपा तिचे पाय संध्याकाळी काढत. सहाला लॅब सुटली की ती घरी यायच्याऐवजी नदीकाठाने, पुलावरून, कुठल्याही रस्त्याने तास-दीड तास चालायची. रविवारी पाठीवर पिशवी टाकून डोंगरावर. एकटी. वर गेल्यावर चहा करून प्यायचा आणि उतरायचं, एवढाच कार्यक्रम.

काका अगदी उलट. ते घरी बसून छापखान्याची प्रूफं तपासायचे. खुर्चीत बसले की खुर्चीचाच भाग व्हायचे. डोंगर त्यांनी फक्त भूगोलाच्या पुस्तकात दुरुस्त केले होते. मूलबाळ नव्हतं. मी शिकायला म्हणून त्या वर्षी त्यांच्याकडे राहत होते, त्यामुळे पुढे सांगते ते बरंचसं मी स्वतः पाहिलेलं आहे.

त्या पावसाळ्यानंतर मावशीच्या पाठीने दगा दिला. मणक्यातली गादी सरकली. हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं की डोंगर चढायचेच असतील तर पाठीवर चार किलोच्या वर काही नको. मावशीने घरी येऊन पिशवीतली एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. सगळ्यात जड निघाली ती गॅसची छोटी शेगडी आणि तिची टाकी. तेवढ्यावर गप्प बसेल तर ती मावशी कसली. आठवडाभरात तिने शीतपेयाच्या दोन रिकाम्या डब्यांचे बूड कापून, एकमेकांत बसवून, कडेला टाचणीने भोकं पाडून एक शेगडी बनवली. तळहातावर मावायची. वजन बारा ग्रॅम. डोंगरावर हिंडणाऱ्या लोकांमध्ये असल्या शेगड्या नव्या नाहीत, पण दातांना आकार देणाऱ्या हाताने केलेली ती कड इतकी सुबक होती की काकांनी ती बराच वेळ उलटसुलट करून पाहिली.

आता प्रश्न जळणाचा. तिथून सगळं सुरू झालं.

पहिल्यांदा तिने लॅबमधल्या दिव्याचं स्पिरिट आणलं. ते स्वस्तातलं, पाणी घातलेलं. शेगडी फुरफुरायची, पाणी उकळायच्या बेतात आलं की विझायची आणि तळाला ओलावा उरायचा. मग औषधाच्या दुकानातलं, इंजेक्शन देण्याआधी दंडावर फिरवतात ते आयसोप्रोपिल. त्याची ज्योत पिवळीधमक आणि लांब. आठ मिनिटांत पाणी उकळलं, पण भांड्याचं बूड असं काळं झालं की हात लावेल त्याची बोटं भरतील. मग रंगाच्या दुकानातलं जांभळट स्पिरिट. ते बरं होतं. पाणी वेळेत उकळायचं, थोडंच लागायचं. पण तेही जराशी काजळी धरायचं, आणि मावशीला काजळी खपत नव्हती. दिवसभर पांढऱ्याशुभ्र दातांत वावरणारी बाई ती. नखात मेण राहिलं तरी तिला चैन पडत नसे.

लॅबला रसायनं पुरवणाऱ्या दुकानदाराने मग तिला मिथेनॉलबद्दल सांगितलं. जळताना धूर नाही, काजळी नाही, मागे काही उरत नाही. त्याने हेही सांगितलं की हे जहर आहे, आणि डब्यावर कवटी होतीच. मावशी म्हणाली की आपल्याला ते प्यायचं थोडंच आहे. पाच लिटरचा डबा घेऊन ती घरी आली.

ते जळण खरोखर तिच्या मनासारखं होतं. भांडं उकळून उतरवलं तरी बूड आरशासारखं. उष्णता कमी, म्हणून घोटभर जास्त न्यावं लागणार होतं. तेवढं वजन तिने दुसरीकडून कमी करायचं ठरवलं. चमच्याचा दांडा अर्धा कापला. एकच अडचण होती. त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. पहिल्याच दिवशी गच्चीवर, उन्हात, शेगडी विझली असं समजून तिने हात पुढे केला आणि मनगटावरचे केस जळाले. तेव्हापासून प्रयोग घरात सुरू झाले. मागची अडगळीची खोली तिने निवडली, कारण तिथे अंधार होता आणि ज्योतीची निळसर कड दिसायची. वाऱ्याने वेळ चुकायला नको म्हणून खिडकीही लावून घ्यायची.

दोन महिने हे चाललं. किती भोकं, केवढी भोकं, भांडं किती उंचावर. मावशी लॅबमधून तडक घरी यायची, हातात रबरी मोजे चढवायची, शेगडी पेटवायची, आणि पेटली की तिच्याने थांबवत नसे. स्वयंपाकघरात चक्कर, दारात चक्कर, परत आत. घड्याळ धरून शेगडीपाशी बसायचे काका. तिने ओरडून विचारलं की त्यांनी मिनिटं सांगायची. नंतर उरलेलं जळण नरसाळ्याने बाटलीत ओतणं, सांडलेलं फडक्याने पुसणं, हेही तेच करायचे. उघड्या हातांनी. त्या वेळी मी क्लासला असायचे, तरी घरी आल्यावर त्या खोलीतला गोडसर, डोक्यात जाणारा वास मला जाणवायचा. मी एकदा म्हटलंही. मावशी म्हणाली, उद्यापासून दार उघडं ठेवू, आणि विसरली.

काकांचं डोकं दुखू लागलं. ते म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मावशीचंही दुखायचं, पण लॅबमधल्या ॲक्रिलिकच्या वासाने ते आधीपासूनच दुखायचं, म्हणून तिने मनावर घेतलं नाही.

मग एका सकाळी छापखान्याच्या मालकांचा फोन आला. काका अंघोळीला गेले होते, म्हणून मावशीने घेतला. शब्दकोशाचं एक पान छापून आलं होतं आणि त्यात दोन ओळी लागोपाठ दोनदा पडल्या होत्या. त्याच्या आदल्या पानावर एका शब्दाचा अर्थच गायब होता. मालक चिडलेले नव्हते, हेच वाईट होतं. ते हळू आवाजात विचारत होते की साहेबांची तब्येत बरी आहे ना, कारण तीस वर्षांत असं कधी झालेलं नाही.

मावशीने फोन ठेवला आणि काकांच्या टेबलाशी गेली. प्रूफांवर मोठं भिंग ठेवलेलं होतं, ते तिने कधी पाहिलं नव्हतं. काका बाहेर आल्यावर तिने त्यांना समोरच्या इमारतीवरची पाटी वाचायला सांगितली. त्यांनी बरोबर वाचली. मग तिने खिडकीतून खाली उभ्या असलेल्या गाडीचा नंबर विचारला. पाटी त्यांना पाठ होती, गाडी नव्हती. काका टॉवेल वाळत घालायला गेले.

त्याच दिवशी ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी सोबत होते. आत बोलावेपर्यंत मावशीने तिथल्या व्हरांड्यात किती येरझाऱ्या घातल्या असतील, देव जाणे. शेवटी तिथल्या नर्सने तिला बसा म्हणून सांगितलं, ती बसली, आणि नर्स वळताच उठली.

डॉक्टर बाईंनी बराच वेळ तपासलं. थेंब घातले, दिवे दाखवले, लाल रंगाची टोपणं दोन्ही डोळ्यांपुढे धरून कुठलं जास्त लाल ते विचारलं. मग खुर्ची मागे सरकवून त्यांनी काकांना विचारलं, "घरात थिनर, स्पिरिट, असल्या कशाचं काम चालतं का?"

"नाही," काका लगेच म्हणाले.

मावशी भिंतीला टेकून उभी होती. "चालतं," ती म्हणाली. "मी करते. खिडकी लावून."

पुढचं सगळं तिनेच सांगितलं; कुठलं जळण, किती, किती दिवस, कोण पुसायचं. काहीही गाळलं नाही. डॉक्टर बाईंनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या की मिथेनॉल प्यावंच लागतं असं नाही, वाफेतून आणि कातडीतूनही ते अंगात जातं आणि डोळ्याच्या नसेवर बसतं. हे त्यामुळेच झालं असं शपथेवर सांगता येणार नाही, पण ते आजपासून बंद. रक्त तपासायला घेतलं, गोळ्या दिल्या. नजर परत येईल का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या की सहा आठवडे थांबा, मग बघू.

मावशीला थांबा म्हणणं म्हणजे काय, ते त्या बाईंना माहीत नव्हतं.

घरी येऊन तिने आधी डब्याचं झाकण आवळलं आणि टॅक्सी करून तो रसायनवाल्याकडे नेला. तो म्हणाला, उघडलेला माल परत घेत नाही. पैसे नकोत, मावशी म्हणाली, फक्त घे. मोरीत ओतता येत नाही आणि घरात ठेवता येत नाही. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मावशी काउंटरसमोरून हलली नाही. सव्वा तास उभी राहिली. शेवटी त्याने डबा आत नेला.

रक्तात फारसं काही निघालं नाही, पण तेवढ्याने तिचं समाधान होईना. पुढचे दिवस त्या घरात कोणालाच स्वस्थता नव्हती. मावशी सकाळी उठल्या उठल्या काकांना कॅलेंडरवरच्या तारखा वाचायला लावायची, दुपारी लॅबमधून फोन करून वर्तमानपत्रातली बारीक टाइपातली जाहिरात वाचायला सांगायची. अडगळीची खोली तिने तीनदा धुतली. लॅबमध्ये एका म्हातारबुवांच्या कवळीत तिने दोन दात उलटसुलट बसवले, हातून असं पहिल्यांदाच झालं. जेवताना आता ती चार नाही, आठ वेळा उठायची. काका मात्र छापखान्याकडून रजा घेऊन रेडिओ ऐकत बसायचे, आणि त्यांचं हे बसणंच तिला असह्य व्हायचं.

एका संध्याकाळी ती फुटली. डोकं दुखत होतं, दिसत नव्हतं, तर बोलला का नाहीत, असं तिने त्यांना विचारलं. एकदा नाही, चार-पाचदा, प्रत्येक वेळी आवाज चढवून. मी माझ्या खोलीत पुस्तक पुढ्यात धरून बसले होते. काकांनी रेडिओ बंद केला.

"त्या दोन महिन्यांत तू संध्याकाळची घरी यायचीस," ते म्हणाले. "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, दुखू दे जरा डोकं."

मावशी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसली. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर आले तेव्हाही ती तिथेच होती.

सहा आठवड्यांनी डॉक्टर बाईंनी पुन्हा टोपणं धरली. उजवा डोळा जवळपास पहिल्यासारखा झाला होता. डावा सुधारला, पण लाल रंग त्याला अजून विटकरी दिसत होता, आणि तो बहुधा तसाच दिसणार होता. काका म्हणाले, प्रूफं काळी-पांढरीच असतात. छापखान्याने त्यांना परत काम दिलं, पण पहिल्या सहा महिन्यांत प्रत्येक फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, त्यांच्यानंतर आणखी कोणीतरी वाचायचं. ते त्यांना बोचायचं. त्यांनी तक्रार केली नाही; मावशीने मात्र एकदा मालकांकडे जाऊन केली, आणि काका तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

शेगडी मावशीने फेकून दिली असेल असं मला वाटलं होतं. तिने दिली नव्हती. वसंत आला तशी ती रंगाच्या दुकानात गेली आणि जांभळट स्पिरिटच्या तीन कंपन्यांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचत उभी राहिली. ज्या बाटल्यांत मिथेनॉल मिसळलेलं होतं त्या बाजूला सारल्या. एकीत ते नव्हतं, कोणी पिऊ नये म्हणून नुसतं कडू औषध घातलेलं होतं. ती घेतली. त्या ज्योतीला पिवळी शेंडी होती, ती उन्हातही थोडीफार दिसायची. भांडं काळं व्हायचं. मावशीने त्याच्यासाठी जुन्या उशीच्या अभ्र्याची थैली शिवली आणि पुन्हा त्याबद्दल बोलली नाही. घरात मात्र तिने ती शेगडी कधीच पेटवली नाही.

त्या रविवारी तिने काकांना डोंगरावर येता का, असं विचारलं. मीही सोबत निघाले. त्यांच्याकडे चांगले बूट नव्हते. त्यांनी लग्नकार्याला घालायचे घातले. वर पोचायला तिला एकटीला तास लागायचा, त्या दिवशी पावणेतीन लागले. ती पुढे जायची, मागे यायची, परत पुढे. मला वाटतं, तो डोंगर ती तीनदा चढली. माथ्यावर तिने त्यांना वारा जिकडून येत होता त्या बाजूला, शेगडीपासून वीस पावलांवर, एका खडकावर बसवलं आणि तिथून हलायचं नाही म्हणून सांगितलं. मग हातमोजे घातले, शेगडी पेटवली, आणि ती विझेपर्यंत बाटलीचं झाकण उघडलं नाही.

चहा त्यांच्यापर्यंत नेईपर्यंत कोमट झाला होता. काकांनी तसं सांगितलं. मग खालचं गाव बघत, बोट दाखवत, त्यांनी दिसेल ती प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, न सांगताच, आणि एवढ्या लांबून कोणालाच वाचता येणार नाही अशाही दोन-चार वाचल्या. मावशीने त्यांना गप्प बसायला सांगितलं. कप पुसून पिशवीत टाकले. पलीकडच्या सोंडेवरून काय दिसतं ते बघून येते, म्हणाली, आणि निघाली.