अकरावा दिवा

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी कंत्राटावर होते. काम एवढंच: भिंतीवरच्या पॅनलचे सोळा दिवे बघायचे आणि दर तासाला रजिस्टरमध्ये लिहायचं. एकेक दिवा म्हणजे एकेका गावाची लाइन. हिरवा असला की पलीकडून सिग्नल येतोय. लाल झाला की येत नाही, आणि मग बझर कोकलत बसतो.

अकरावा दिवा सडक अर्जुनीच्या पुढे जंगलातल्या एका आरोग्य केंद्राचा. तिथं मोबाइल लागत नाही. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची तर सिस्टरकडे तो एकच फोन.

रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत अकरावा लाल झाला. तिकडच्या पेटीतली बॅटरी मेली होती. आमच्या जुन्या टेक्निशियन भाऊंनी नवीन बॅटरीसाठी अर्ज पाठवला. बॅटरी आली नाही. वरच्या साहेबांचा फोन मात्र रोज दहाला यायचा. "आज फिर रेड? शाम तक ग्रीन चाहिए." बॅटरीचं नाव काढलं की ठेवून द्यायचे.

चौथ्या दिवशी भाऊ वीतभर वायर घेऊन आले. "हे टोक इथं लाव, ते तिथं."

"कायले?"

"आपण धाडलेला सिग्नल आपल्याकडंच वापस येते. मशीनले वाटते, पलीकडून आला. लाइन तपासतानी असंच करतात."

"हे तपासणं नाही, भाऊ. खोटं आहे."

"मंग वाजू दे. आयक दिवसभर. पत्रक काढ त्याच्यावर."

पत्रकांवरून ते मला नेहमीच टोचत. रस्ता, पाणी, शाळेचं छप्पर, सगळ्यांवर मी पत्रकं काढलेली, आमगावच्या बाजारात उभं राहून वाटलेली. त्याच हातांनी वायर लावली. बझरनं डोकं उठलं होतं, दुसरं कारण नाही. दिवा हिरवा झाला. दोन दिवसांची गोष्ट, बॅटरी आली की काढू, असं मनाला सांगितलं. हिरव्या लाइनला बॅटरी कोण पाठवतं, हे डोक्यात आलं नाही. दर तासाला लिहीत गेले: अकरा, ठीक.

बारा-तेरा दिवसांनी, दुपारी, सिस्टर स्वतःच आल्या. स्कूटी चिखलानं भरलेली, साडीही.

"आमचा फोन काऊन बंद ठेवला?"

भाऊंनी पॅनलकडे बोट केलं. "चालू आहे ना, बाई. हिरवा दिसून राहिला."

"तुमच्या भिंतीवर चालू असन. काल धानाच्या बांधीत रोवता रोवता एका बाईले साप चावला. मी फोन फिरवत बसली. शेवटी ट्रॅक्टरवर टाकून हायवेवर आणली तिले."

"जगली का?" मी विचारलं.

"जगली. हात राहते का जाते, सांगता येत नाही."

मी उठले आणि वायर ओढून काढली. अकरावा लाल झाला, बझर सुरू.

"याचा अर्थ काय?" सिस्टरनी विचारलं.

"तुमचा फोन बंद आहे."

"ते मले माहीत होतं, पोरी."

त्याच दिवशी मी तक्रार लिहिली. वायर लावायला कोणी शिकवलं, कोणी लावली, सगळं लिहिलं, खाली सही केली. भाऊंनी बोलणं टाकलं. महिन्याभरानं उत्तर आलं: सदर लाइन त्या काळात सुरळीत होती. पुरावा म्हणून रजिस्टरच्या पानांची झेरॉक्स जोडलेली. अक्षर माझं. अकरा, ठीक. अकरा, ठीक.

कंत्राट संपलं, पुढं वाढवलं नाही. यावरही मी पत्रक काढलं. लोकांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, पुढं काही झालं नाही.

परवा अनुभवाचा दाखला घ्यायला एक्स्चेंजला गेले. अकरावा हिरवा होता.

"बॅटरी आली, भाऊ?"

"नाही."

माझ्या जागी एक नवीन मुलगी बसली होती. समोर तेच रजिस्टर. मी तिला म्हटलं, "अकराला वायर लावलेली आहे. पलीकडं फोन बंद आहे."

"माहीत आहे, ताई," ती लिहिता लिहिता म्हणाली. "दहाला साहेबांचा फोन येते."