टाके शिकवणाऱ्या मावशी

हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. भावापाशीही नाही — त्याच्यापाशी तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बघा, इथेच माझा भित्रेपणा सुरू झाला.

मी कामोठ्यात गणिताच्या शिकवण्या घेते, आठवी ते दहावी. सव्विसाव्या वर्षी माझ्या अंगावर कोड उठलं. आधी बोटांवर, मग मनगटावर, मग मानेवर. ठरलेलं लग्न मोडलं. भर मे महिन्यात मी पूर्ण बाह्यांचे ड्रेस घालायचे, आणि फळ्यावर लिहिताना हातमोजे. खडूची अ‍ॅलर्जी आहे, असं पोरांना ठोकून दिलं होतं. थापा मारायला मी तेव्हाच शिकले म्हणायचं.

शेवटी सगळं असह्य झालं तेव्हा शिकवण्या बंद करून मी करंज्याला आईकडे जाऊन राहिले. माझी आई कोळीण. बाबा लवकर गेले, मग मासळी विकून तिनेच आम्हा दोघा भावंडांना शिकवलं. मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. तिने ट्रंकेतली आपली जुनी लुगडी काढली, काळपट हिरवी, जांभळी, आणि म्हणाली, गोधडी शिवू. मला तिचा राग आला. आयुष्याचं वाटोळं झालंय आणि हिला गोधडी सुचते!

पण बसले. शिवता शिवता मी एका लुगड्यावर पांढऱ्या कापडाचे तुकडे लावायला लागले — का, ते मलाही कळलं नव्हतं. वेडेवाकडे, बेढब, माझ्या हातांवर होते तसेच. आई बघत राहिली. मग म्हणाली, "ह्ये पन तुझंच अंग हाय, बाय." आणि त्या तुकड्यांच्या कडांना धावदोरा घालू लागली. मी खूप रडले त्या दिवशी. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी तिने आत तांदळाच्या भाकरीचा एक घास ठेवला. गोधडीला उपाशी ठेवत नाहीत, म्हणे. तीन महिन्यांनी मी कामोठ्याला परतले, ती अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घालून. हे एवढं खरं आहे. यात काही खोटं नाही.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही — पण सांगते.

पनवेलच्या एका महिला मंडळाने प्रदर्शन भरवलं. माझी गोधडी हॉलच्या भिंतीवर टांगली आणि मला बोलायला उभं केलं. मी छान बोलले. बोलणं हा माझा धंदाच आहे. कोड आलेले हात वर करून दाखवले. भाकरीच्या घासाबद्दलही सांगितलं, पण 'पूर्वीच्या बायका असं करायच्या' अशा थाटात, कुठल्याशा पुस्तकात वाचल्यासारखं. आणि शेवटी म्हणाले, "आता माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच उरलेलं नाही." बायकांनी डोळे पुसले. टाळ्या थांबेनात.

आई मागे उभी होती.

मी तिला बोलावलं नव्हतं. भावाकडून तिला कळलं असावं. पनवेलच्या बाजारात मासळी विकून ती तशीच आली होती — घट्ट नेसलेलं लुगडं, केसात अबोलीची वेणी, काखेत रिकामी पाटी. वास येत होता, हो. एका बाईंनी पदर नाकाला लावला. आई माझ्याकडे बघून हसत होती, सगळं तोंड भरून. अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "ह्या कोण हो?" वाकड्यात नव्हतं विचारलं, सहजच.

मी काय म्हणाले असेन? — म्हणाले, "ह्या मावशी. आमच्याकडे मासळी घेऊन येतात. टाके ह्यांनीच शिकवले मला."

झालं. एवढंच. लोक याहून वाईट वागतात, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण कोडाची लाज गेली आणि आईची उरली — हे कसलं बरं होणं? की कोड उठायच्या कितीतरी आधीपासून मला तिची लाज वाटत होती?

आई चार पावलांवर होती. तिने ऐकलं. क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि अध्यक्षबाईंना हात जोडले. "मी मासलीवाली हाय. मॅडमना टाकं मी शिकवलं." मॅडम! जन्मभर मला बाय म्हणणारी माझी आई. मी दुरुस्त केलं नाही. तेव्हा करता आलं असतं; तोंडात शब्द होता. अध्यक्षबाईंनी मला शाल दिली आणि तिला गुलाबाचं फूल. ते पाटीत ठेवून ती निघून गेली.

वाटलं होतं, भांडेल. निदान रडेल. तिने तो विषय कधीच काढला नाही. मीही नाही. गोधडीवर बोलायला मला अजून कुठे कुठे बोलावतात. मी जाते, आणि 'टाके शिकवणाऱ्या मावशीं'बद्दल अजून सांगते.

त्यानंतर आई आठ वर्षं जगली. दोन-तीन महिन्यांतून एकदा कामोठ्याला यायची. माझ्या दारात परकं कुणी असलं — शेजारीण, एखाद्या पोराची आई, अगदी सिलिंडरवाला — तर ती आपणहून जिन्यातच थांबायची, पाटी उतरवायची आणि विचारायची, "मासली हवी का, मॅडम?" आणि मी, आई आत ये, असं एकदाही म्हणाले नाही. उंबऱ्याशी वाकून पापलेटाचे कल्ले उचलून बघायचे. भाव पाडून मागायचे. आणि समोरच्या माणसाला खरं वाटावं म्हणून ती नाही म्हणायची.