अक्काच्या गोष्टी आणि भाटाची वही

अक्का आयुष्यात कुणाला भ्याली नाही, असे आमच्या भाऊबंदांत आजही छातीवर हात ठेवून सांगितले जाते. सांगणाऱ्यांपैकी एकानेही तिचा हात कधी हातात धरला नव्हता. मी धरला होता. माझी ही थोरली बहीण घाबरली की तिच्या तळहाताला पाणी सुटे आणि ती गोष्टी सांगू लागे. भीती जितकी मोठी, तितकी गोष्ट विनोदी. त्यामुळे तिच्या गोष्टींना लोक हसत आणि मी रडकुंडीला येई.

मी सात वर्षांचा असताना मामाच्या गावाहून परतताना आमची बैलगाडी नदीत रुतली आणि पाणी चढू लागले. अक्काने माझा हात घट्ट धरला आणि पणजोबांच्या वाघाची गोष्ट काढली. वंशावळीप्रमाणे पणजोबांनी सातपुड्यात वाघ लोळवला होता. अक्काप्रमाणे वाघ झाडाखाली होता, पणजोबा झाडावर होते, आणि सकाळी आधी वाघ कंटाळला. पाणी चाकाच्या आसापर्यंत आले तेव्हा गोष्टीत पणजोबांचे धोतर फांदीला अडकले होते. गाडी शेवटी निघाली. ते धोतर कसे सुटले, हे अक्काने मला कधीच सांगितले नाही. आता गरज नाही, म्हणाली.

वंशावळ वाचायला फैजपूरला चार-पाच वर्षांनी एक भाट येई. मूळचा राजस्थानकडचा. लाल कापडात बांधलेली वही पाटावर ठेवून तिची पूजा होई, मग सगळ्या भाऊबंदांसमोर तो आमचे घराणे वाची. हे घराणे सूर्यापासून निघते, गुजरातेत काही पिढ्या राज्य करते आणि फैजपूरला येऊन केळी लावते. पुरुष आपापले नाव येईपर्यंत जागे राहत, मग डुलक्या काढत. बायका आतल्या खोलीत दाराआड बसत. तिथे भाटाचा फक्त खोकला ऐकू जाई.

अक्का धुळ्याला शाळेत शिक्षिका होती. तिथल्याच एका चित्रकला शिक्षकाशी तिने नोंदणी पद्धतीने लग्न केले. भाऊजी बौद्ध. आमचे थोरले काका, ज्यांना सारे गाव नाना म्हणे, त्यांनी हे ऐकून दोन दिवस मौन धरले आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केले की भाट आला की पोरीचे नाव वहीतून खोडायचे. याची रीत ठरलेली होती. भाऊबंदांसमोर नाव मोठ्याने वाचायचे, खोडायचे, मग साऱ्या घराने मेल्याची अंघोळ करायची. त्यानंतर त्या माणसाला उंबरा बंद. वडील आधीच वारले होते आणि आई त्या वर्षी अंथरुणाला खिळलेली होती. ती रोज एकच विचारी, अक्का कधी येणार.

मी तेव्हा जळगावला कॉलेजात होतो. भाट येणार असल्याचे कळताच, तू येऊ नकोस हे सांगायला मी धुळ्याला गेलो, तर अक्का पिशवी भरू लागली. भाऊजींनी सोबत येऊ का विचारले.

"तुमचं नाव नाही तिथे," ती म्हणाली. "माझं आहे. खोडायचं तर माझ्यासमोर खोडू दे."

एसटीत ती पारोळ्याच्या आधीच सुरू झाली. एरंडोलपर्यंत आमच्या दोन चुलत आजोबांनी एकाच म्हशीवरून केलेले भांडण संपले. जळगावला कंडक्टर हसता हसता घंटी द्यायला विसरला. भुसावळ सोडेपर्यंत मी सात गोष्टी मोजल्या. नदीत बैलगाडी बुडत होती तेव्हा एकीवर भागले होते.

ओसरीवर भाऊबंद जमले होते. अक्का आत गेली नाही. सतरंजीवर पुरुषांत, माझ्या शेजारी बसली. तिला उठवायला कुणी पुढे आले नाही. आतून आईची खाट करकरली. भाट सूर्यापासून निघाला. पणजोबांचा वाघ आला तेव्हा अक्का माझ्या कानात पुटपुटली, "झाडावर." तिचा हात ओल्या फडक्यासारखा झाला होता. माझाही कोरडा नव्हता.

वडिलांचे नाव आले. नानांनी हात वर केला.

"थांबा. आता त्या पोरीचं नाव वाचा, आन् खोडा."

भाटाने बोट ओले करून पान उलटले. परत मागे आणले. चष्मा काढून पुसला.

"कुठली पोरगी, पाटील?"

"त्याची थोरली. ही काय, समोर बसलीय."

"इथं एक पुत्र लिहिलाय. बेटी वहीत चढत नाही. तुमच्या घरात कधीच चढली नाही."

डुलक्या काढणारे जागे झाले. इतक्या वर्षांत हे कुणाच्याच ध्यानात आले नव्हते. नानांनी वहीवर बोट ठेवले.

"मंग आता चढवा, आन् खोडा."

"चढवायची रीत नाही, पाटील," भाट शांतपणे म्हणाला. "आणि जे चढलंच नाही ते मी खोडू कसं?"

नाव वाचले गेले नव्हते, म्हणून खोडले गेले नाही. खोडले नाही, म्हणून अंघोळ नव्हती आणि उंबराही उघडाच होता. अक्का उठली. "मी आईकडे बसते," एवढेच म्हणाली आणि सगळ्यांच्या मधून आत गेली.

मी मागोमाग गेलो. ती आईच्या खाटेवर तासभर बसली, आईचे पाय चेपत, आणि एक शब्द बोलली नाही. निघताना तिने माझा हात धरला. कोरडा ठणठणीत होता. पुढे पुष्कळ वर्षांनी, अक्काच्या शेवटच्या दुखण्यातही, मी तिच्या उशाशी गोष्टीची वाट बघत बसलो होतो. तिने एकही सांगितली नाही. यावर मी समाधान मानले.

नानांनी मात्र त्या संध्याकाळी विहिरीवर जाऊन अंघोळ केली. तशी ते रोजच करत.